दोन्ही ठीक

मयूरी, तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. मधले गुरुवार सुट्टीचे सोडले, तर रोज सकाळी मी तुझ्या वहीत ‘दोन्ही ठीक’ असं लिहून खाली सही केली, आणि रोज खोटी केली. तुला अगंतुगं करायचीही ही पहिलीच वेळ. वर्कशॉपमध्ये तू मॅडम होतीस, संध्याकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसलीस तरी मॅडमच होतीस. मी छपन्न वर्षांचा बाप्या तुझ्यापुढे, ‘अहो, हे बटण दाबू का,’ असं विचारत उभा असायचो. आता रागवायला तू नाहीस, म्हणून एवढी सवलत घेतो.

दर सोमवारी येणारा तुझा फोन त्या सोमवारी आला नाही. मंगळवारी मी केला, तो तुझ्या खोलीतल्या मुलीने उचलला. पाच दिवसांचा ताप, दवाखाना, आणि मग तुझे बाबा यवतमाळहून येऊन तुला शेवटचं घेऊन गेले, एवढंच तिला सांगता आलं. मी यवतमाळला जायला हवं होतं. गाडीची चौकशीही केली. पण तुझ्या बाबांनी दारातच विचारलं असतं, आपण कोण, तर काय सांगणार होतो? तुमच्या मुलीने मला नवीन वेल्डिंग शिकवलं आणि मी तिच्याविरुद्ध कागदावर सही केली, हे कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहून सांगता येत नाही. मी गेलो नाही. कामावर गेलो.

तू आलीस तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी मी अजिबात खूश नव्हतो. मालकांनी लेझर वेल्डिंगचं मशीन घेतलं होतं. फ्रिजएवढं खोकं, त्यातून निघालेली जाड वायर आणि तिच्या टोकाला पिस्तुलासारखी गन. ते चालवायला शिकवण्यासाठी कंपनी पंधरा दिवस माणूस पाठवणार होती, आणि माणूस म्हणून तू उतरलीस, पाठीवर सॅक आणि हातात डबा घेऊन. मालकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की आर्गन वेल्डिंगचं टेबल आता निघणार, हे शिका नाहीतर घरी बसा.

घरी बसायची मला भीती आहे, हे तुला मी कधी सांगितलं नाही. माझी पहिली कंपनी चिंचवडची. नव्वदीनंतर तिथे स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले, त्यातली स्वेच्छा कुणाची ते कुणी विचारलं नाही. मग एकामागून एक तीन छोटी वर्कशॉप केली आणि शेवटी शिवणे गावातलं हे. नारायण पेठेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर आलो. मुलगा आयटीत गेला आणि तिथून परदेशात. ही गेल्यापासून घरात मी एकटा. मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, आता बसा. बसायला खुर्ची आहे, आणि खुर्चीसमोर पलीकडच्या सोसायटीची भिंत आहे. त्यामुळे तुझ्याकडे शिकायला मी हौसेने आलो नव्हतो. मागची दारं बंद होत गेली आणि पुढे एवढं एकच उघडं होतं.

ते दार कसलं, तर केबिनचं. दहा बाय दहाची पत्र्याची केबिन, आतून काळी रंगवलेली, एका बाजूला हिरवट काचेची चिमुकली खिडकी. तू मला आत स्टुलावर बसवलंस, मशीन बंद ठेवलंस, मशीनची चावी स्वतःच्या खिशात घातलीस आणि माझ्या हातात टॉर्च दिलास. गनच्या टोकाशी टॉर्च धरायचा आणि उजेड कुठे कुठे जातो ते शोधायचं. पहिला दिवस हेच, दुसरा दिवस हेच. पॉलिश केलेला स्टीलचा पत्रा ठेवला की उजेडाचा ठिपका छतावर जायचा, तिरका केला की माझ्या छातीवर यायचा. माझ्या पट्ट्याच्या बकलवर, घड्याळावर, शर्टाच्या खिशातल्या पेनवर तो सापडला. तू एकेक वस्तू काढून बाहेर ठेवायला लावलीस. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो की मॅडम, तीस वर्षं वेल्डिंग केल्यावर मला अंधाऱ्या खोलीत कोंडून टॉर्च खेळायला लावायचं, यासाठी कंपनी आपल्याला पगार देते का.

तू चिडली नाहीस. म्हणालीस, “काका, तीस वर्षं तुमची ओळख दिसणाऱ्या उजेडाशी आहे. हा दिसत नाही. हा कुठे गेला ते तुमच्या डोळ्याला नंतर कळेल.”

मला ते पुस्तकी वाटलं. दरवाजा बंद, उकाडा, पत्र्याचा वास आणि बाहेर माझ्या जुन्या टेबलावर दुसऱ्याच कुणाचा डबा ठेवलेला. मी मनात तुला तुरुंगाधिकारी म्हणायचो. एकदा तोंडावरही म्हणालो, तेव्हा तू हसलीस आणि सांगितलंस की तुरुंगाधिकारी बाहेर बसतो, मी तर आत तुमच्याबरोबर बसून राहिले आहे.

मग चष्म्यावरून भांडण. ते भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. आम्हा वेल्डर लोकांचा जीव काळ्या काचेत असतो. काच जितकी काळी तितकी डोळ्यांची काळजी कमी, असं आम्ही शिकलो. तू पुढे केलास तो चष्मा हिरवट, पारदर्शक. त्यातून मला तुझ्या चहाच्या कपावरचा तडा दिसत होता. जे एवढं दाखवतं ते अडवणार काय, असा माझा सवाल. हा चष्मा फक्त याच मशीनचा किरण अडवतो आणि बाकी सगळं दाखवतो, तुमच्या काळ्या काचेचं बरोबर उलटं आहे, हे तू मला चार वेळा चार तऱ्हांनी समजावलंस. आधी चष्मा, त्यावर हेल्मेट, आणि गन हातात असेपर्यंत दोन्हींतलं काहीही वर करायचं नाही. मी मान डोलवायचो आणि तू पाठ फिरवलीस की चष्मा कपाळावर सरकवून हेल्मेट घालायचो. काळ्या काचेवर माझा विश्वास होता आणि तुझ्यावर अजून बसला नव्हता.

दुसरी गोष्ट क्लॅम्पची. आर्गनमध्ये अर्थिंगच्या वायरचा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, टेबलाला कुठेही अडकवला की काम भागतं. या मशीनचा क्लॅम्प कामाच्या पत्र्यालाच लावावा लागतो. गनचं टोक त्या पत्र्याला टेकलं तरच किरण सुटतो, उचललं की बंद. तू म्हणायचीस की गन हवेत आहे की कामावर, हे मशीनला कळायचा तेवढाच मार्ग आहे, त्याला फसवायचं नाही.

आणि तिसरा तो कागद. केबिनच्या दारावर बाहेरून तू आलेखाचा कागद चिकटवलास आणि मधोमध पेनाने ठिपका काढलास. रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूचे सगळे चौकोन दिसतात का, रेषा सरळ आहेत का. मग दुसरा डोळा. मग वहीत लिहायचं, सही करायची, आणि त्यानंतरच चावी. ज्याचे दोन्ही ठीक नाहीत त्याला चावी नाही, हा तुझा नियम, आणि तो तू स्वतःलाही लावायचीस. तुझी सही नेहमी माझ्या वर असायची.

नवव्या दिवशी माझा पहिला चांगला जोड निघाला. दीड हात लांब, एकसारखा, पत्रा कुठे वाकडा नाही, काळा पडलेला नाही. थंड झाल्यावर तू त्यावरून बोट फिरवलंस आणि फक्त “जमलं,” म्हणालीस. तीस वर्षांत माझ्या कामावरून असं बोट कुणी फिरवलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पेढे घेतले आणि तुझ्या खोलीच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबवून तुला दिले. वेल्डिंगचे पेढे मी पहिल्यांदाच खाऊन राहिले, असं म्हणून तू दोन तिथेच संपवलेस. मग पुण्यात भाजीतसुद्धा साखर काहून टाकतात हा तुझा नेहमीचा प्रश्न आला. मी म्हणालो, आम्ही तिखट बोलतो, ते उतरायला भाजी गोड लागते. तू इतकी हसलीस की गल्लीतला इस्त्रीवाला बघायला लागला. खरं सांगतो, त्या आठवड्यात मला कामावर जावंसं वाटत होतं, आणि ते तुझ्यामुळे.

आता तेराव्या दिवसाबद्दल. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दिवाळी तोंडावर होती. मार्केट यार्डातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचे दोन हॉपर त्या दिवशी जायचे होते, मसाला ओतायच्या नरसाळ्यासारखे, वरून रुंद आणि खाली निमुळते, आत आरशासारखं पॉलिश. तू सकाळी रिपोर्ट द्यायला ऑफिसला गेली होतीस आणि मी परत येईपर्यंत मशीन लावू नका असं सांगून गेली होतीस. पण जाताना घाईत चावी माझ्याकडे दिलीस, वही बघून, दोन्ही ठीक वाचून. अकरा वाजता मालक आले. टेम्पो दारात होता. हॉपर फिरवला की क्लॅम्प घसरायचा, किरण तुटायचा, जोड अर्धवट राहायचा. मालक म्हणाले की लोक त्यावर काहीतरी करतात ना, तेच करा.

लोक काय करतात ते मला माहीत होतं. मी क्लॅम्प काढला आणि गनच्या टोकालाच लावला. आता मशीनला वाटणार की गन कायमच कामाला टेकलेली आहे. चष्मा कपाळावर, हेल्मेट खाली. आतला कोपरा नीट दिसेना म्हणून मी गन मागे घेतली आणि बघायला हेल्मेट वर केलं. आर्गनमध्ये हजार वेळा केलेली हालचाल. बोट बटणावरच राहिलं होतं. मला काही दिसलं नाही, काही दुखलं नाही. तेवढ्यात दार उघडलं, दाराच्या स्विचने मशीन बंद पडलं, दारात तू होतीस.

तू आधी क्लॅम्पकडे पाहिलंस. नंतर माझ्या कपाळावरच्या चष्म्याकडे. मी डावा डोळा चोळत होतो, तेही तू पाहिलंस. “काय करून राहिले काका?” म्हणालीस. डोळ्यात काही गेलं का, विचारलंस. मी घाम म्हणालो. तू चावी काढलीस, मालकांसमोर खिशात टाकलीस आणि निघून गेलीस. दोन दिवस मशीन बंद राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा कागदासमोर उभा राहिलो. उजवा डोळा झाकला. ठिपक्याच्या डावीकडे तीन चौकोन नव्हते. काळे नाही, पांढरे नाही, नुसते नव्हते. वही उघडी होती. मी ‘दोन्ही ठीक’ लिहिलं.

त्याच दुपारी मालकांनी तुझ्या कंपनीला पाठवायचा एक कागद पुढे ठेवला. मशीन नियमाप्रमाणे चालू असताना आपल्या प्रतिनिधीने विनाकारण चावी नेली आणि कामाचं नुकसान केलं, असा मजकूर होता, खाली चालवणाऱ्या कामगाराची सही हवी होती. मालक ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले की आर्गनचं टेबल तर आता नाही, बघा. मी ती भिंत बघितली, घरची खुर्ची बघितली, आणि सही केली. दोन ओळी वाचून तुला बाहेर काढायला मला पाऊण मिनिट लागलं असेल.

तुझं फिरतीचं काम काढून तुला ऑफिसात फोनवर बसवलं. ते जाहीर झालं त्या संध्याकाळी तू चावी परत द्यायला आलीस. मालकांनी हात पुढे केला तरी त्यांना दिली नाहीस. चावी शिकलेल्या माणसाकडे राहते, म्हणालीस, आणि माझ्या तळहातावर ठेवलीस. माझ्या सहीचा कागद तुला दाखवला होता हे मला माहीत होतं. मी खाली बघत राहिलो. तू म्हणालीस, “कागद बघत जा काका. रोज.”

तेव्हापासून ती चावी माझ्या खिशात आहे आणि खरं तर मी तिच्या खिशात आहे. दहा महिने. डोळा बिघडला हे सांगावं तर मशीन जातं आणि सही खोटी ठरते. न सांगावं तर रोज आणखी एक सही. घरापासून लांबच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी जाऊन आलो. मागच्या पडद्यावर भाजल्याचा डाग आहे, तो भाग परत येणार नाही, म्हणाले. काम काय करता विचारलं, तर मी निवृत्त आहे, टीव्ही बघतो असं सांगितलं. कमी बघत जा, म्हणाले.

तू मात्र दर सोमवारी फोन करत राहिलीस. दिवसभर कानाला फोन लावून बसायचं आणि सुटल्यावर पुन्हा मला फोन करायचा. तुझं टेबल खिडकीपासून लांब होतं, बाहेर ऊन आहे की ढग तेही कळत नाही, म्हणायचीस. तुला फिरायला आवडायचं, वर्कशॉपचा वास आवडायचा. मी तुला तिथे बसवलं होतं आणि तू मला विचारायचीस, जेवलात का. सहीबद्दल एकदाही बोलली नाहीस. मयूरी, एकदा शिव्या दिल्या असत्यास तर मी त्याच फोनवर सगळं ओकलो असतो. हे तुझ्यावर ढकलतोय, कळतंय मला.

शेवटच्या सोमवारी तू नेहमीसारखं विचारलंस, कागद बघता ना. मी म्हणालो, रोज. तू म्हणालीस, “डावाही?”

मी घाबरलो. आणि घाबरलो की मला जे सुचतं तेच सुचलं. “मॅडम, आपल्याला फोनवर बसवलंय ना,” मी म्हणालो, “मग तिथलंच बघा की.”

“बरं जी,” म्हणालीस तू. तेच शेवटचं. त्या रात्रीपासून तुला ताप होता, असं ती मुलगी म्हणाली.

माझं चुकलं, मयूरी. तुझं सगळं बरोबर होतं, चष्म्याचंसुद्धा. हे दोन वाक्यांचं काम होतं आणि माझ्याकडे चाळीसएक सोमवार होते.

आता आज सकाळचं सांगतो. मालकांना मशीनवर दुसरं माणूस हवंय, म्हणून त्यांनी सुनंदाबाईंना माझ्याकडे शिकायला दिलंय. तुला आठवतील, पॉलिशवाल्या, खडकवासल्याच्या पलीकडून येतात, दोन मुलींची लग्नं झालेली. तीन दिवस मी त्यांना केबिनमध्ये टॉर्च घेऊन बसवलं. त्यांनी मला तुरुंगाधिकारी म्हटलं नाही, बांगड्या आपणहून काढून ठेवल्या. आज चौथा दिवस. कागदासमोर उभं केलं. त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं, वहीत नाव लिहिलं. मग मी सवयीने पेन घेतला आणि माझ्या नावापुढे ‘दोन्ही ठीक’ लिहिलं.

“काका, तुमी तर कागदाकडं बघितलंच न्हाय,” त्या म्हणाल्या. माझं जुनं आहे, पाठ आहे, असं मी म्हणालो. त्यांनी सरळ विचारलं, “पर तुमाला समदे चौकोन दिसत्यात न्हवं?”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. ही बाई उद्या माझ्या शब्दावर डोळ्यांसमोर गन धरणार होती. मी काहीतरी तिरकस बोलायला तोंड उघडलं आणि मला तुझं ‘बरं जी’ ऐकू आलं.

मी उजवा डोळा झाकला आणि चौकोन मोजले. मग लिहिलेलं खोडलं आणि लिहिलं: उजवा ठीक. डावा, ठिपक्याच्या डावीकडे तीन चौकोन नाहीत, गेल्या दिवाळीच्या आधीपासून. मग पानं मागे उलटत त्या तेराव्या दिवसावर गेलो, जिथे तुझी सही माझ्या वर आहे. तिच्याखाली लिहिलं की गनच्या टोकाला क्लॅम्प मी लावला होता, मॅडमनी चावी काढली ती योग्य कारणाने काढली, नंतरच्या कागदावरची माझी सही खोटी आहे. पूर्ण नाव घातलं. सुनंदाबाईंना दोन्ही पानांचे फोटो काढायला सांगितले. ते तुझ्या कंपनीला गेले. तुझ्या बाबांचा नंबर त्या मुलीकडून घेतला आहे, पण त्यांना नुसते फोटो पाठवणार नाही. येत्या बुधवारी रात्रीच्या गाडीने मीच येतोय, वही घेऊन.

तुझ्या नियमाने चावी आता माझी नव्हती. मी ती वहीवर ठेवली आणि केबिनमध्ये स्टुलावर जाऊन बसलो, पहिल्या दिवशी बसवलं होतंस तिथेच. फक्त दार उघडं ठेवलं. सुनंदाबाई बाहेर पत्रा पुसत होत्या. अर्ध्या तासाने मालक आले. मशीन बंद का, चावी कुणाकडे आहे, विचारलं.

मी म्हणालो, “कुणाकडेच नाही. शिकलेलं आणि दोन्ही ठीक असलेलं माणूस आज आपल्याकडे नाही. एक होतं, ते आपण दोघांनी मिळून घालवलं.”